मोती तलावावरील मध्यान्ह

कचेरीतील दफ्तर बाजूला सारून, डब्यातील चार घास उरकून जी थोडी फुरसत हाती लागते, ती मी जालन्याच्या मोती तलावाच्या काठी पक्षी न्याहाळण्यात घालवतो. कुरव हिवाळ्यात पैठणच्या नाथसागरावर उतरतात. येथे मात्र त्यांचा सगोत्र नदी सुरय हाच माझा आप्त. पिवळ्याधमक चोचीचा, दुभंगलेल्या शेपटीचा तो पक्षी मान खाली वळवून जलपृष्ठ न्याहाळीत येतो, क्षणार्ध अधांतरी स्थिरावतो आणि अकस्मात पंख आवरून पाण्यात कोसळतो, तेव्हा छायाचित्राहून ते साक्षात दर्शनच मला अधिक मोलाचे वाटते. मध्यान्हीच्या प्रखर उन्हात त्या फिकट देहावरील छटा चित्रात पार पुसल्या जातात, म्हणून कॅमेऱ्यात प्रकाश किंचित उणा घ्यावा. म्हणजे पंखांवरील राखी झाक अबाधित राहते.

या पक्ष्याची गणना आज जगातील संकटग्रस्त जातींत होते, कारण तो मुख्यतः नदीपात्रातील उघड्या वाळूवर अंडी घालतो आणि ती वाळूच आपण उपसून नेतो. अंबड, घनसावंगी, परतूर तालुक्यांतील गोदाकाठच्या रहिवाशांना माझी कळकळीची विनंती आहे, की उन्हाळ्यात या वाळूपट्ट्यांवर गुरे वा वाहने नेऊ नयेत.