पाच दाणे

रात्री दहाला खानावळीचं शटर खाली ओढलं, की माझा उद्याचा स्वयंपाक सुरू होतो. ४ किलो घेवडा परातीत घ्यायचा, निवडायचा, तीन पाण्यांतून धुवायचा आणि मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी ओतून झाकून ठेवायचा. १०० डब्यांना माणशी ४० ग्रॅम कोरडा दाणा. सकाळी ४ किलोचे ८ किलो होतात, शिजून त्याहून थोडे जास्तच. हा हिशेब मला कुणी शिकवला नाही, पहिल्या वर्षी पातेल्याच्या काठावरून ओट्यावर आलेल्या दाण्यांनी शिकवला.

माझं माहेर कोरेगाव तालुक्यातलं. आमच्याकडे घेवडा म्हणजे वाघ्या. फिक्या दाण्यावर तांबडे पट्टे, म्हणून वाघ्या. पहिल्या पावसावर पेरायचा, अडीच महिन्यांत काढायचा. झाडं उपटून खळ्यावर वाळत घालायची, काठीने बडवायची, मग वाऱ्याच्या तोंडाला उभं राहून उफणायचं. माल पोत्यांत भरला जाई आणि ट्रकने उत्तरेकडे जाई. तिकडे त्याचं नाव राजमा. आमच्या घरात मात्र फुटका, डागी, चाळणीखाली राहिलेला दाणा शिजायचा. चांगला विकायचा आणि उरलेला खायचा, हा शेतकऱ्याच्या घरचा नियमच. अख्ख्या, एकसारख्या दाण्यांचा घेवडा मी पहिल्यांदा पोटभर खाल्ला तो पुण्यात, लग्नानंतर, विकत आणून.

२०१६ साली वाघ्या घेवड्याला भौगोलिक मानांकन मिळालं. योगायोग असा, की संयुक्त राष्ट्रांनी तेच वर्ष कडधान्यांचं वर्ष म्हणून जाहीर केलं होतं. मी मोठ्या कौतुकाने आईला फोन केला. ती म्हणाली, "म्हंजी आता त्याला दाखला मिळाला व्हय? मग आत्तापतूर काय बिनदाखल्याचा शिजत हुता?"

तिला वाटतं घेवडा पांडवांच्या काळापासून आमच्या माळावर आहे. खरं तर त्याची मूळ गावं मेक्सिको आणि दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताचा पट्टा. तिथल्या लोकांनी रानवेलीतून हे पीक घडवलं, आणि कोलंबसानंतर युरोपीय जहाजांनी ते जगभर नेलं. मिरची आणि टोमॅटो त्याच बाजूचे. म्हणजे माझ्या उसळीतल्या तिघांचं माहेर एकच. आईला मी हे अजून सांगितलेलं नाही.

खानावळ सुरू केली तेव्हा घेवडा माझ्यासाठी सोय होती. पनीरपेक्षा स्वस्त, भाजीसारखा सुकत नाही, आणि दिल्ली-पंजाबकडची मुलं राजमा-चावल म्हटलं की आईची आठवण काढत जेवतात. त्याचे गुण मला कळत गेले ते गिऱ्हाइकांमुळे. कुणी विचारायचं, "काकू, यात प्रोटीन किती?" सुरुवातीला मी हसून "भरपूर" म्हणायची. मग एक दिवस व्यायामशाळेत जाणारा एक मुलगा वही काढूनच बसला, आणि मला शिकावं लागलं.

शिजलेल्या १०० ग्रॅम राजम्यात, म्हणजे साधारण एका लहान वाटीत, ८ ते ९ ग्रॅम प्रथिनं असतात, ६ ते ७ ग्रॅम तंतू, आणि ऊर्जा सुमारे १२७ कॅलरी. स्निग्धांश अर्धा ग्रॅम, तोही जेमतेम. फोलेट, लोह, मॅग्नेशियम, पोटॅशियम आहेतच. मी ते आकडे पाठ केले, फळ्यावरही लिहिले. पुढे मला समजलं की फळ्यावरचे आकडे दाण्याचे असतात. ताटात काय पोहोचतं, ते चुलीपाशी ठरतं. हे समजलं त्या दिवशी मी स्वतः मोरीपाशी ओकत बसले होते.

भाचीने वाढदिवसाला विजेवरचा स्लो कुकर पाठवला होता. रात्री घालायचं, मंद आचेवर सकाळपर्यंत आपोआप शिजतं, गॅसची बचत. शंभर डब्यांना तो पुरण्यासारखा नव्हता, पण रविवारी नेहमीचे आठ-दहाजणच असतात. त्यांच्यापुरता घेवडा भिजवून मी त्यात घातला, कमी आचेचं बटण दाबलं आणि झोपले. सकाळी दाणा वरून मऊ लागत होता, आत जरा कचकत होता. चवीला सात-आठ दाणे तोंडात टाकले, फोडणी दिली, वाढलं. दोन तासांत मला मळमळायला लागलं. तिसऱ्या तासाला मुलांचे फोन यायला लागले, एकामागून एक. उलट्या, पोटात कळा. संध्याकाळपर्यंत सगळे सावरले, डॉक्टरांनी पाणी आणि साखर-मीठ सांगितलं, कुणाला दाखल करावं लागलं नाही. पण त्या दुपारी मी जे भोगलं ते पोटातलं कमी आणि मनातलं जास्त होतं. लोक आपल्या हातचं डोळे झाकून खातात, त्या विश्वासावर तर खानावळ चालते.

मला वाटलं काहीतरी शिळं गेलं असणार. तेल बदललं, मसाला फेकला. खरं कारण एका आहारतज्ज्ञ बाईंनी सांगितलं, त्याही माझ्याच डब्यावर होत्या. कच्च्या तांबड्या राजम्यात एक लेक्टिन असतं, फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं. झाडाने किड्यामुंग्यांपासून स्वतःच्या बियांना दिलेलं ते कवच आहे. चार-पाच कच्चे दाणेही माणसाला आजारी पाडायला पुरतात. खळखळत्या उकळीत ते मोडतं. पण ८० अंशांच्या खाली रेंगाळलेल्या पाण्यात मोडत तर नाहीच, उलट असा अर्धवट तापलेला दाणा कच्च्यापेक्षा कितीतरी जास्त विषारी होऊ शकतो. माझ्या त्या भेटीच्या यंत्राने रात्रभर नेमकं हेच केलं होतं.

आई यातलं एक अक्षर जाणत नव्हती. पण चुलीवर घेवडा ठेवला की ती त्याला आधी मोठ्या जाळावर आदळू द्यायची, वर आलेला फेस पळीने काढून टाकायची, आणि मगच लाकडं मागे ओढायची. "घेवड्याला आधी आदळू द्यावं, मग गोंजारावं," असं म्हणायची. मी ते तिचं बोलणं समजत होते, ती कृती होती.

तेव्हापासून माझी पद्धत ठरली आहे. आठ-दहा तास भिजवणं. भिजवलेलं पाणी फेकून ताजं पाणी. उघड्या पातेल्यात चांगली दहा मिनिटं खळखळ उकळी, फेस काढणं. मग कुकर, चार शिट्ट्या, आणि नंतर मंद आचेवर पंधरा मिनिटं. यातला एकेक टप्पा गाळून पाहायचा मोह मला वर्षानुवर्षं झाला आहे, आणि प्रत्येक वेळी दाण्याने मला परत रांगेत उभं केलं आहे.

भिजवण्याचंच घ्या. घेवड्यात रॅफिनोज, स्टॅकिओज अशा साखरा असतात, त्या पचवायला लागणारं विकर माणसाच्या लहान आतड्यात नाही. त्या तशाच मोठ्या आतड्यात जातात, तिथले जिवाणू त्यांच्यावर ताव मारतात आणि पोट फुगतं. भिजवलेल्या पाण्यात त्यातला काही भाग उतरतो, म्हणून ते पाणी झाडांना. शिजवलेलं पाणी मात्र मी थेंबभर टाकत नाही, कारण फोलेट आणि खनिजं त्यात उतरलेली असतात. कालवण त्याचंच. आणि ज्यांना वायूचा त्रास होतो त्यांना मी हिंगापेक्षा सवय सुचवते: आधी दोन चमचे, मग अर्धी वाटी. पोटालाही ओळख व्हायला वेळ लागतो.

सोडा मी सोडून दिला. चिमूटभर टाकला की दाणा झटकन लोण्यासारखा होतो, पण ब१ जीवनसत्त्व त्यात जातं आणि चवीला साबणाची छटा येते. टोमॅटो आणि चिंच दाणा पूर्ण मऊ झाल्यावरच, कारण आंबट पडलं की साल आवळून बसतं. बोअरचं पाणी जड असलं तरी तेच. मिठाबद्दल मात्र मी आईच्या विरुद्ध गेले. ती म्हणायची मीठ शेवटी, नाहीतर दाणा ताठ राहतो. मी एकदा दोन पातेली शेजारी ठेवली, एकात भिजवतानाच मीठ. मिठातला घेवडा लवकर मऊ झाला, सालही फुटलं नाही. आईला सांगितलं. ती म्हणाली, "तुझं मीठ शहरातलं असल."

आणि तरीही प्रत्येक पोत्यात गणंग निघतातच. भिजवून, उकळून, चार शिट्ट्या देऊनही जे दगडासारखे राहतात ते. जुना माल असला, उन्हाळ्यात दमट गोदामात पडून राहिला, तर त्यांची संख्या वाढते. म्हणून मी दुकानदाराला भाव विचारायच्या आधी हंगाम विचारते.

शिजलेला घेवडा एकटा वाढायचा नाही, हेही शिकण्यासारखंच. त्याच्या प्रथिनांत लायसिन भरपूर, मेथिओनिन कमी. ज्वारी, बाजरी, तांदूळ यांचं नेमकं उलट. उसळ-भाकरी किंवा राजमा-चावल एका ताटात आले की एकाचं उणं दुसरा भरून काढतो. लोहाचंही तसंच. दाण्यातलं लोह फायटेटने धरून ठेवलेलं असतं, सहज सुटत नाही. क जीवनसत्त्व सोबत असलं की ते अंगी लागायला मदत होते. म्हणून माझ्याकडे घेवड्याच्या दिवशी लिंबाची फोड आणि कोबी-टोमॅटोची कोशिंबीर असतेच, आणि जेवल्याबरोबर चहा मागणाऱ्या मुलींना मी तासभर थांबवते. त्या कुरकुरतात. त्यांच्या वयात मीही लोहाच्या गोळ्या खिडकीतून फेकल्या होत्या.

मधुमेह असलेले एक निवृत्त काका माझ्याकडे जेवतात. त्यांच्या डॉक्टरांच्या सांगण्यावरून आम्ही त्यांचा भात अर्धा केला आणि तेवढी जागा घेवड्याला दिली. राजम्याची साखर रक्तात सावकाश उतरते, तंतू तिला धरून ठेवतात. काही पिष्ट तर पचतच नाही, ते मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंचं जेवण होतं. विरघळणारे तंतू पित्ताम्लांना धरून बाहेर नेतात, त्यातून वाईट कोलेस्टेरॉल कमी व्हायला हातभार लागतो. काकांच्या तपासण्यांचे आकडे त्यांच्या डॉक्टरांकडे. मला एवढंच ठाऊक, की पूर्वी ते चार वाजता बिस्किटांचा पुडा शोधत यायचे, आता येत नाहीत.

पण गुण म्हणून सगळ्यांना सारखा वाढला असं होत नाही, हे मला एका शेजारीणबाईंनी शिकवलं. त्यांच्या यजमानांच्या मूत्रपिंडांचं काम मंदावलं होतं. कुणीतरी सांगितलं, या दाण्याचा आकार मूत्रपिंडासारखा, इंग्रजीत तर नावच किडनी बीन्स, म्हणजे त्याच रोगावर औषध. त्या रोज डबा न्यायला लागल्या, आणि मीही अभिमानाने वाटी शिगोशीग भरत गेले. आकार सारखा म्हणून नाव पडलं, एवढंच. त्या एका वाटीत ४०० मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम असतं, फॉस्फरसही. निरोगी माणसाला, रक्तदाबाच्या दृष्टीने, ते पोटॅशियम चांगलंच. पण मूत्रपिंड थकलं असेल तर तेच रक्तात साचतं. आहारतज्ज्ञ बाईंच्या हे कानावर गेलं आणि त्यांनी मला बाजूला घेतलं. दुसऱ्या दिवशी मी शेजारीणबाईंना म्हणाले, "वहिनी, आधी डॉक्टरांना विचारा, तोवर डबा देत नाही." त्या आठवडाभर बोलल्या नाहीत. नंतर दुधी भोपळ्याची भाजी न्यायला आल्या, घेवड्याचं नाव काढलं नाही. मीही नाही.

आता माझ्या हाताखाली एक नवी मुलगी आहे, साताऱ्याकडचीच. तिला मी पहिल्या दिवशी मसाला शिकवला नाही, पाच दाणे शिकवले. कुकर उघडला की एक दाणा मधला, एक तळाचा, तीन कडेचे. ताटलीत घ्यायचे, अंगठा आणि बोटाने दाबायचे. साल शाबूत राहून आतला गर पिठासारखा पसरला पाहिजे. मध्ये कण लागला, तर शिजला नाही. पाचच का, असं तिने विचारलं. पाच कच्चे दाणे काय करू शकतात ते मी तिला सांगितलं, मोरीपाशी बसलेली मी सोडून.

परवा पाऊस होता, गॅसची टाकी मध्येच संपली, सगळंच उशिरा झालं. साडेबाराला दाराशी मुलं उभी, डब्यांचा पोऱ्या सायकलला टेकून घंटी वाजवतोय. फोडणी तयार, भात निवतोय. तिने कुकर उघडला, पाच दाणे घेतले. एक, दोन, तीन, चार मऊ. पाचव्यावर तिचा अंगठा थांबला. तिने पुन्हा दाबून पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं. तो एकच गणंग असेल, हे मलाही ठाऊक होतं आणि तिलाही. मी दाराकडे पाहिलं. मी काही बोलायच्या आत तिने आणखी पाच दाणे काढले. त्यातलेही दोन कचकले.

तिने झाकण लावलं, शिट्टी बसवली आणि बाहेर जाऊन म्हणाली, "दादा, बसा जरा. वीस मिनिटं आहेत अजून."