भाच्याने आणलेल्या चकत्या

गेल्या बुद्धपौर्णिमेला आमचा भाचा गोव्याहून आला. पणजीला मांडवी नदीत कॅसिनोची जहाजे उभी असतात, त्यातल्या एकावर तो खाणेपिणे वाढण्याच्या कामाला आहे. आल्या आल्या त्याने आमच्या लेकीच्या ओंजळीत सात रंगीत, जड, गोल चकत्या टाकल्या. प्रत्येकीवर शंभराचा आकडा होता. "मामा, लोक ह्या संग्रहाला ठेवतात," तो कौतुकाने म्हणाला.

आम्ही न्हावा शेवा बंदराच्या आसपास एका कंटेनर यार्डात कारकून आहोत. दर रविवारी विहारात वस्तीतल्या मुलांचा अभ्यासवर्ग घेतो. एकक, दशक, शतक शिकवायला या चकत्या बऱ्या, असे आमच्या मनात आले. त्याच रात्री पॉलिश पेपरने दोन चकत्यांवरचा छाप घासून काढला, वर कागद चिकटवून १ आणि १० असे आकडे लिहिले. जुगाराची वस्तू विद्येच्या कामी आणली म्हणून स्वतःची पाठही थोपटून घेतली.

आई शेजारी लसूण सोलत होती. तिने एक चकती उचलली, उलटसुलट केली आणि खाली ठेवली. "ह्यो आकडाच हाय की रे, नुसता गोल केल्याला," ती म्हणाली.

आई हे का म्हणाली ते आम्हाला ठाऊक आहे. १९६२ साली कल्याणजी भगत आणि १९६४ साली रतन खत्री यांनी मुंबईत मटका सुरू केला, आणि गिरणगावातल्या कितीतरी घरांचा पगार त्यात गेला. आमचे वडील १९८२ च्या संपापर्यंत गिरणीत होते. 'ओपन' आणि 'क्लोज'च्या नादात त्यांनी एकदा अख्खा पगार घालवला. आईच्या कानातल्या कुड्या सावकाराकडे गेल्या त्या परत आल्या नाहीत. आजही तिचे कान मोकळे आहेत.

तरी आम्ही वाद घातला. म्हणालो, "आई, अंगुलीमालासारखा माणूस बदलला, मग चकती का बदलू नये?" आई काही बोलली नाही. बोलली ती आमची सातवीतली लेक. "पण पप्पा, दादाला ह्या दिल्या कुणी?"

आम्ही भाच्याकडे पाहिले. त्याने मान खाली घातली. मग कळले ते असे. एका गिऱ्हाइकाने जाताना बक्षीस म्हणून चकत्या त्याच्या हातावर ठेवल्या. जहाजावरचा नियम असा की बक्षीस सामाईक पेटीत टाकायचे आणि महिनाअखेर सर्वांनी वाटून घ्यायचे. त्याने त्या पेटीत न टाकता खिशात घातल्या.

वाचकहो, आम्ही बी. कॉम. झालेले, हिशेबाची माणसे. चकती म्हणजे काय याचा विचार खरे तर घासण्याआधीच करायला हवा होता. गिऱ्हाईक रोख पैसे भरून चकत्या घेते, तेव्हा कॅसिनोच्या वहीत पैसे जमा होतात आणि तितकेच देणे उभे राहते. चकती ही त्या देण्याची खूण, एक प्रकारची हुंडीच. अमेरिकेत नेवाडा राज्याच्या नियमांत स्पष्ट लिहिले आहे की चकती ही कॅसिनोचीच मालमत्ता. ती ज्याच्या हाती असेल त्याचे फक्त येणे असते. तिकडे बंद पडलेल्या कॅसिनोच्या चकत्या हौशी लोक विकत घेतात, कडा घासतात, नवे कागद चिकटवतात आणि घरी खेळतात. कॅसिनो कधी कधी जुन्या चकत्यांना भोक पाडून त्या रद्द करतो. तशी चकती घासली तर कुणाचे काही बुडत नाही. फार तर संग्रह करणारा हळहळेल. पण चालू चकतीवरचा शंभराचा आकडा घासून हजाराचा केला तर ती सरळ फसवणूक. आम्ही तसे केले नव्हते. पण हात लावला होता तो चालू चकतीलाच.

आमच्या यार्डात शेकडो कंटेनर उभे असतात. किल्ल्या आमच्याकडे, नोंदवही आमच्याकडे, तरी एकाही कंटेनरचे सील आम्ही आपल्या मर्जीने तोडू शकत नाही. ताबा वेगळा, मालकी वेगळी. नोकरीत रोज पाळतो ते घरी विसरलो.

तथागतांच्या भिक्खूंचे चीवर आठवा. उकिरड्यावर, स्मशानात टाकून दिलेल्या चिंध्या ते गोळा करीत, धूत, तुकडे करून शिवत, रंगवीत. त्याला पांसुकूल म्हणतात. मगधातल्या शेतांच्या बांधांसारखी शिवण आनंदाने घातली, असे विनयात सांगितले आहे. म्हणजे वस्तूचे रूप बदलून ती चांगल्या कामाला लावणे धम्माला मुळीच वर्ज्य नाही. पण अट एकच. मालकाने ती टाकून दिलेली असली पाहिजे. न दिलेले घेतले तर दुसरे शील मोडते, मग त्याचे चीवर करा नाहीतर शाळेचे साहित्य करा.

आणि आम्ही घेतले तरी कुणाचे? कॅसिनोवाल्याला सातशे रुपयांचे काय! पण त्या पेटीत भाच्यासारख्याच पोरांचा वाटा होता. भांडी घासणारे, जिना पुसणारे, रात्रपाळीचे. गरिबाचे गरिबाने घेतले होते, आणि आम्ही त्यावर विद्येचा कागद चिकटवला होता.

आम्ही भाच्याला म्हणालो, "बाळा, साती चकत्या परत कर." तो रडवेला झाला. पाच परत करता येतील, पण घासलेल्या दोन दाखवल्या तर चौकशी होईल, नोकरी जाईल. रात्री बहिणीचा फोन आला. "दादा, तुझ्या शीलापायी माझ्या पोराची भाकरी घालवशील का?" त्या प्रश्नाने दोन रात्री आम्हाला झोप आली नाही. घासणारे आम्ही आणि भोगणार तो, हे कसले शील?

शेवटी आम्ही साध्या कागदावर अर्ज लिहिला. चकत्या आम्ही घासल्या, चूक आमची, सोबत दोनशे रुपये भरत आहोत, असे लिहून सही केली. भाच्याने धीर केला आणि सगळे वरिष्ठांपुढे ठेवले. त्याला लेखी समज मिळाली, एका महिन्याचा बक्षिसाचा वाटा कापला गेला. नोकरी राहिली. बहीण मात्र अजून आमच्याशी धड बोलत नाही. नोकरी गेली असती तर आम्ही तिला काय तोंड दाखवले असते, याचे उत्तर आजही आमच्याजवळ नाही.

महाराष्ट्रात १९७६ साली कॅसिनोचा कायदा झाला, तो कधी अमलात आला नाही आणि २०२३ साली रद्द झाला. गोव्यात १९७६ च्याच जुगार कायद्यात १९९२ साली दुरुस्ती करून वाट मोकळी केली गेली. तिथे आपली मुले पोटासाठी नोकरी करतात, त्यात कमीपणा नाही. पण सिगालोवाद सुत्तात जुगाराचे सहा तोटे सांगितले आहेत. त्यात जिंकणाऱ्याला वैरी मिळतात हा एक, आणि जुगाऱ्याच्या शब्दाला सभेत किंमत राहत नाही हा दुसरा. आम्ही तर पत्त्याला हात न लावता आपल्या शब्दाची किंमत पणाला लावली होती.

आता वर्गात मुलांनी बाटल्यांची टाकाऊ झाकणे जमवली आहेत. धुऊन, त्यावर कागद डकवून १, १०, १०० लिहिले आहे. लेकीने आकडे काढले, आईने खळ करून दिली. हे आमचे पांसुकूल. वस्तू बदलण्याआधी ती आपली आहे का, एवढे मुलांसमोर विचारण्याची सवय प्रत्येक घराने लावून घ्यावी, इतकीच विनंती. आमच्या घरात तो प्रश्न सातवीतल्या मुलीला विचारावा लागला.

जयभीम.