पनवेलकर डिमोनात

पनवेलचं बेथ एल सिनेगॉग 1849 सालचं. कोकणातल्या बेने इस्रायली ज्यूंचा पिढीजात धंदा तेलाच्या घाण्याचा. शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून गावोगाव त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. आडनावं पेणकर, रोहेकर, किहीमकर. बायकांच्या अंगावर नऊवारी, घरात मराठी. त्यांचं वेगळेपण शेजाऱ्यांना ठाऊक होतं आणि त्याचं कुणाला काही वाटत नसे.

1948 मध्ये इस्रायल स्थापन झाला आणि पुढच्या दोन-तीन दशकांत यांतली बहुतेक घरं तिकडे गेली. धर्माच्या नात्यानं तो परका देश नव्हता. बाकी सगळं मात्र परकं होतं. कोकणच्या पावसात वाढलेली माणसं बेरशेबा आणि डिमोनाच्या वाळवंटात जाऊन राहिली. एका बाजूला मोरोक्कोहून आलेलं कुटुंब, दुसऱ्या बाजूला रुमानियाचं. वडीलधाऱ्यांना काका-मावशी म्हणायची सवय असलेल्यांच्या कानावर आता पोरासोरांनी थेट नावानं मारलेल्या हाका पडू लागल्या. नोकरी आणि घरं देताना भेदभाव होतो म्हणून काही जण 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला भारतात परतलेसुद्धा.

पुढे इस्रायलच्या मुख्य रब्बींच्या, म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या, कार्यालयानं बेने इस्रायलींच्या लग्नसंबंधांवरच शंका घेतली. बेने इस्रायली रस्त्यावर उतरले. 1964 मध्ये तिथल्या संसदेनं ते सर्वार्थानं ज्यू असल्याचं जाहीर केलं.

हक्क ठरावानं मिळाला. सोयरीक आणि शेजार जुळला तो घरच्या रीतींतून. बेने इस्रायलींच्या लग्नाआधी मेंदीची रात्र असते. मोरोक्को आणि येमेनच्या ज्यूंकडेही ती असते. गाणी वेगळी, दागिने वेगळे, पण नवरीच्या तळहातावरचा रंग तोच. एलियाहू हन्नाबी या प्रेषिताचं स्मरण करून मांडायचा मलिदा मात्र फक्त कोकणचा. भिजवलेले पोहे, खोवलेला नारळ, साखर आणि फळं हे ताट पाहून शेजाऱ्यांनी चौकशी केली नाही तरच नवल.

तरुणांना क्रिकेटनं जोडलं. दक्षिण आफ्रिका, ब्रिटन आणि भारत या तिन्ही ठिकाणांहून आलेल्यांनी हा खेळ तिथे रुजवला. एरवी एकमेकांच्या वस्तीत क्वचितच गेली असती अशी माणसं एका संघात आली. 1974 मध्ये इस्रायलला आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेचं सहयोगी सदस्यत्व मिळालं. अश्दोद, बेरशेबा, डिमोनाच्या मैदानांवर पुढे कोकणी आडनावांचाच भरणा झाला.

‘मायबोली’ हे मराठी नियतकालिकही याच मंडळींनी तिथे चालवलं. समाजाच्या बातम्या त्यात आल्या, आठवणी आल्या. पनवेल-पेण-अलिबागहून गेलेली पहिली पिढी आता थकली आहे. नव्या गावात पहिल्यांदा दार कुणी उघडलं, पहिल्यांदा जेवायला कुणी बोलावलं, हे त्यांच्याकडून मराठीत लिहून घ्यायला हवं. आणि जमेल तिथे त्या मोरोक्कन शेजारणीकडूनही.