मामूंची पटाशी आणि 35 चा बिट

आमचे मामू चाळीस वर्षे सुतारकाम करत आले. त्यांच्या हातची साधी बिजागरी बघण्यासारखी असते. पटाशीने खाच अशी काढतात की पितळी पट्टी लाकडात बसल्यावर नख फिरवलं तरी अडत नाही. पण गेल्या काही वर्षांत घराघरांत मॉड्युलर किचन आलं आणि गिऱ्हाईक पहिल्याच बोलण्यात विचारू लागलं, "ऑटो हिंज बसवता ना?" मामू नाही म्हणाले की काम दुसऱ्याकडे जायचं. साठीला टेकलेल्या माणसाने मग 35 मिलिमीटरचा बिट विकत आणला.

ही बिजागरी बाहेरून दिसत नाही. तिचा वाटीसारखा गोल भाग, म्हणजे कप, दाराच्या आतल्या बाजूला खोदलेल्या भोकात बसतो आणि दांडा कपाटाच्या बाजूच्या फळीवरच्या प्लेटवर चढतो. दार फळीला पूर्ण झाकणार असेल तर झिरो क्रँक घ्यायची. एकाच फळीवर दोन दारं येणार असतील तर अर्ध्या क्रँकची, आणि दार चौकटीच्या आत बसणार असेल तर पूर्ण क्रँकची. दुकानात जाण्याआधी हे ठरलेलं नसेल तर फेरी फुकट.

खरी धास्ती त्या भोकाची. दार 18 मिलिमीटरचं, भोक साधारण 12 ते 13 खोल. म्हणजे पुढे पाचसहा मिलिमीटर लाकूड उरतं, आणि बिटाच्या मधलं टोक त्यातही घुसतं. हात जरा जास्त दाबला की समोरच्या सनमाईकवर फोड उठतो किंवा टोक सरळ बाहेर डोकावतं. साध्या बिजागरीची खाच खोल गेली तर खाली पुठ्ठा घालून निभावता येतं. इथे अख्खं दार जातं.

माझ्या अम्मीच्या स्वयंपाकघरातली सहा दारं मामूंनीच केली, तेव्हा दोन दिवस मी त्यांच्या हाताखाली होतो. बाजारात प्लास्टिकचं गाईड मिळतं, ते त्यांनी घेतलं नाही. प्लायच्या तुकड्याला 35 चं भोक पाडलं आणि मागे एक पट्टी ठोकली, अशी की दाराच्या कडेपासून भोकाचा मध्य बरोबर साडेबावीसवर यावा. कडेला 5 मिलिमीटर लाकूड राहतं. बिटावर खोलीची खूण म्हणून लाल चिकटपट्टी गुंडाळली. मी म्हटलं, "मामू, हात थरथरतो तुमचा." ते म्हणाले, "हात नई थरथरता बेटा, मशीन थरथरती." खरं काय ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. पण त्या गाईडमध्ये बिट गेला की हलायला जागाच नव्हती.

प्लेटची भोकं फळीच्या पुढच्या कडेपासून 37 मिलिमीटरवर. तीन फुटांपर्यंतच्या दाराला दोन बिजागऱ्या, त्यापुढे पाच फुटांपर्यंत तीन. दार जड असेल तर आणखी एक. पैसे वाचवायला लोक इथेच काटछाट करतात, आणि वर्षभरात दार लोंबलं की मिस्त्रीला नावं ठेवतात.

दार चढवल्यावरचा भाग मामूंना मनापासून आवडला, हे मला नवल वाटलं. एक स्क्रू फिरवला की दार डावी-उजवीकडे सरकतं, दुसरा सैल केला की आत-बाहेर, प्लेटचे स्क्रू सैल केले की वर-खाली. दोन दारांमध्ये ते सनमाईकचे दोन तुकडे धरत आणि तेवढीच फट येईपर्यंत फिरवत बसत. "आमच्या वेळी दार एकदा बसलं की बसलं," म्हणाले. पण हे फिरवणं दोनतीन मिलिमीटरपुरतंच. भोकच तिरकं असेल तर स्क्रू काही करत नाही.

कंत्राटदार हल्ली दाराच्या हिशोबाने मजुरी देतात. पोरं दिवसात वीस दारं चढवतात, मामू आठ. त्यामुळे मोठी कामं त्यांना मिळत नाहीत, मिळतात ती दुरुस्तीची: सिंकखालचं फुगलेलं दार, स्क्रू निघून आलेली प्लेट. अशा भोकात ते फेविकॉल लावलेली लाकडाची खुंटी ठोकतात, रात्रभर वाळू देतात आणि सकाळी परत जाऊन स्क्रू भरतात. दोन फेऱ्यांचे पैसे मात्र एकाच फेरीचे मिळतात. पटाशी अजून पिशवीत असते, तेल लावलेली. त्या खुंटीचं वर आलेलं डोकं ते तिनेच छाटतात.