रानवाटा आणि कॅमेरा

मित्रांनो, आधी एक कोडं. असा कोणता पक्षी आहे, जो ११३ वर्षं एकाही पक्षीतज्ज्ञाला दिसला नाही आणि मग एका सकाळी चक्क आपल्या महाराष्ट्रात झाडावर बसलेला सापडला?

नाही सांगता येत? त्याचं नाव रानपिंगळा. घुबडाच्या कुळातला, जेमतेम वीतभर उंचीचा पक्षी. १८७३ साली अ‍ॅलन ह्यूम यांनी त्याची शास्त्रीय नोंद केली. १८८४ नंतर मात्र तो जणू गायबच झाला. संपला बिचारा, असंच पुष्कळांना वाटू लागलं. अखेर नोव्हेंबर १९९७ मध्ये पामेला रासमुसेन आणि त्यांचे दोन सहकारी त्याला शोधत खानदेशात आले आणि शहाद्याजवळच्या जंगलात तो त्यांना भेटला. त्यांनी पहिलं काम काय केलं असेल? त्याचे फोटो काढले, चित्रफीत घेतली. नाही तर कोण विश्वास ठेवणार?

आता गंमत पुढेच आहे. ऑक्टोबर २०१४ मध्ये हाच रानपिंगळा दिसला तो आपल्या शहापूरजवळ, तानसा अभयारण्यात! मुंबईच्या नळाला जिथून पाणी येतं, त्या तानसा तलावाभोवतीचं हे जंगल. मुंबईपासून दोन-अडीच तासांवर. इतक्या जवळ असा दुर्मीळ पक्षी असेल, असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. त्याला ओळखणं मोठं अवघड. आपला नेहमीचा पिंगळा दिसायला जवळजवळ तसाच. फरक कुठे? नेहमीच्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके असतात, रानपिंगळ्याचं डोकं जवळपास कोरं असतं आणि पंखांवर-शेपटीवर ठसठशीत पट्टे असतात. दुर्बिणीतून क्षणभर पाहून हे सांगायचं म्हणजे कठीणच. फोटो मात्र घरी नेता येतो, पुन्हा पुन्हा पाहता येतो, जाणकारांना दाखवता येतो.

आजच्या गप्पांचं सार यातच आहे. डोंगरात काढलेला फोटो ही एक नोंद असते. काय दिसलं, कुठे दिसलं, कधी दिसलं, हे सांगणारी. फोटो सुंदर आला तर उत्तमच, पण तो खरा आणि स्पष्ट असणं जास्त महत्त्वाचं. हे एकदा पटलं, की ‘कॅमेरा कोणता घेऊ?’ या प्रश्नाचं अर्धं उत्तर मिळतं.

कॅमेरा कोणता?

दुकानात जाण्याआधी स्वतःला दोन प्रश्न विचारा. मला कशाचे फोटो काढायचेत? आणि माझ्या पाठीला किती ओझं झेपतं?

फुलं, पानं, कोळी, खेकडे, किल्ल्याचे दरवाजे, ढगांनी भरलेल्या दऱ्या हे तुमचे विषय असतील, तर घरातला मोबाइल पुरे आहे. खरंच पुरे आहे! मोबाइलने जवळच्या वस्तू छान टिपता येतात आणि समोरचा सगळा डोंगर एका चौकटीत मावतो. तो फक्त एका ठिकाणी थकतो, लांबच्या पक्ष्यापाशी. पडद्यावर दोन बोटांनी चित्र मोठं केलं, की पक्षी जवळ येत नाही, त्याचे नुसते रंगीत चौकोन होतात. याचं कारण सोपं आहे. भिंगं पुढे-मागे सरकवून दूरचं दृश्य खरोखर मोठं करणं वेगळं आणि काढलेल्या चित्राचा तुकडा ताणून मोठा करणं वेगळं. पहिल्याला ऑप्टिकल झूम म्हणतात, दुसऱ्याला डिजिटल झूम. कॅमेरा घेताना खोक्यावरचा ‘ऑप्टिकल’ हा शब्द शोधा. दुसऱ्या आकड्याकडे लक्ष देऊ नका.

एक युक्ती सांगू? घरात दुर्बीण असेल तर मोबाइलची भिंग तिच्या डोळ्याच्या भिंगाला अलगद टेकवा आणि फोटो काढा. थोडा सराव लागतो, हात हलतो, कडा काळ्या येतात. पण समोरच्या फांदीवर हरियाल बसलाय की पारवा, एवढं नक्की कळतं.

पक्ष्यांचीच आवड जडली असेल, तर मोठ्या झूमचा एकसंध कॅमेरा पाहावा. याची लेन्स बदलता येत नाही, पण चाळीस-पन्नास पट झूम असतो आणि वजन बहुधा एक किलोच्या आतच राहतं. डोंगर चढणाऱ्या मुलामुलींसाठी हा सगळ्यात सोयीचा. त्याची एक अडचण ध्यानात ठेवा. आतला प्रकाश टिपणारा भाग लहान असतो, त्यामुळे दाट झाडीत, अंधूक उजेडात चित्र खरखरीत येतं. आणखी एक गोष्ट पाहून घ्या. त्याला डोळा लावून बघायची खिडकी आहे का? भर उन्हात मागच्या पडद्यावर काही म्हणजे काही दिसत नाही.

तिसरा प्रकार लेन्स बदलता येणाऱ्या कॅमेऱ्यांचा, म्हणजे डीएसएलआर आणि मिररलेस. चित्र सर्वांत सुरेख याचंच. पण पक्ष्यांसाठी लागणारी मोठी टेलिफोटो लेन्स एकटीच दीड-दोन किलोची असते आणि किंमत ऐकून बाबांच्या कपाळाला आठ्या पडतात. हा कॅमेरा आधी कुणाकडून तरी एक दिवस मागून आणावा, खांद्याला लावून फिरून बघावं, मगच पुढचा विचार. आईबाबांनो, वर्षभर मोबाइलने नेमाने फोटो काढणाऱ्या मुलाला पुढे कॅमेरा घेऊन द्यायला हरकत नाही. उलट क्रमाने गेलं, तर महागडा कॅमेरा कपाटात पडून राहण्याचाच धोका जास्त.

आता कुठे जायचं?

पहिला मान माहुलीचा. मध्य रेल्वेच्या आसनगाव स्टेशनला उतरलं, की वजीर, नवरा, नवरी, भटोबा हे त्याचे सुळके आभाळात रेखल्यासारखे दिसतात. गडाची उंची सुमारे २८०० फूट. १६३६ साली मोगल आणि आदिलशाही फौजांनी शहाजीराजांना वेढलं होतं, ते याच गडावर. वाट चांगल्या दाट जंगलातून जाते आणि शेवटी लोखंडी शिडी लागते. चढायला अडीच-तीन तास. आता दोन किलोची लेन्स आणि तीन लिटर पाणी यांची बेरीज करून बघा! दोन्हींतलं पाणी कमी करायचं नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

दुसरा गोरखगड, मुरबाड तालुक्यातला. कल्याणहून मुरबाड, तिथून म्हसामार्गे देहरी गाव. गडाच्या पोटात एक प्रशस्त गुहा आहे आणि गुहेच्या तोंडाशी उभं राहिलं, की समोर मच्छिंद्रगडाचा सुळका. फोटोसाठी चौकट आयतीच तयार! पण त्यावरचा टप्पा उभ्या कातळात खोदलेल्या पायऱ्यांचा आहे. तिथे कॅमेरा गळ्यात लोंबता कामा नये. तो सॅकमध्ये, पट्टा आत कोंबलेला आणि दोन्ही हात मोकळे.

तिसरा नाणेघाट. मुरबाड-माळशेज रस्त्यावर वैशाखरे गावाच्या पुढे वाट फुटते. वर सातवाहनांची दोन हजार वर्षांपूर्वीची गुहा आहे. भिंतीवर ब्राह्मी लिपीतला नागनिकेचा लेख आहे, त्यात दानाच्या गाई-घोड्यांचे आकडेही कोरलेत. राजघराण्यातल्या माणसांचे पुतळेही तिथे होते. आज त्यांच्या जागी मोडक्या खुणा आणि वर कोरलेली नावं तेवढी उरलीत. त्या काळी कॅमेरा असता तर! असो. लेख नीट दिसत नाही म्हणून त्यावर खडू चोळणं, पाणी मारणं अजिबात नको. बॅटरीचा झोत समोरून न टाकता एका बाजूने, भिंतीलगत तिरका टाका. अक्षरांच्या खाचांत सावली पडते आणि लेख भिंतीतून उठून येतो.

कधी जायचं?

जुलै-ऑगस्टात धबधबे, शेवाळ, अळंब्या आणि खेकडे. पण या दिवसांत फुगलेला ओढा ओलांडायचा नाही, कितीही झक्क फोटो पलीकडे वाट बघत असला तरी. सप्टेंबर-ऑक्टोबर म्हणजे रानफुलांची दिवाळी. तेरडा, सोनकी, कळलावी आणि त्यांच्यावर फुलपाखरं. कारवी तर सात-आठ वर्षांतून एकदाच फुलते, त्या वर्षी डोंगराचा उतारच्या उतार जांभळा होतो. डिसेंबर-जानेवारीत हवा स्वच्छ, दूरचे डोंगर स्पष्ट. आणि माझ्या मते पक्षी बघायला उत्तम काळ फेब्रुवारी-मार्चचा. पळस, पांगारा आणि काटेसावर यांची पानं गळालेली, अंगभर लाल-केशरी फुलं आणि रस प्यायला आलेल्या साळुंक्या, कोतवाल, बुलबुल, पोपट. पानांचा आडोसा नसल्यामुळे फोटोही मोकळे येतात. झाडापासून लांब, सूर्य पाठीमागे ठेवून गप्प बसायचं. पंधरा मिनिटांत पक्षी तुम्हाला विसरतात.

पक्ष्यासाठी शटरचा वेग सेकंदाच्या १/५०० भागाहून कमी नको, उडत असेल तर १/१००० किंवा त्याहून जलद. पाऊस असेल तर प्लॅस्टिकची जाड पिशवी, रबरबँड आणि पुसायला जुनं सुती धोतर. घरी आल्यावर कॅमेरा चामड्याच्या पिशवीत कोंडू नका, भिंगावर बुरशी धरते. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा.

रानाचे नियम

फोटोसाठी घरट्याजवळ जायचं नाही. समोरची फांदी मोडायची नाही, ती फांदीच पिल्लांना उन्हापासून आणि कावळ्यापासून वाचवत असते. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलवायचं नाही. आपल्या हद्दीत परका आला असं समजून तो खाणंपिणं सोडून भांडायला धावत येतो. कड्यावर आग्या मोहोळ असेल तर आवाज, धूर, अत्तर काही नको, मुकाट्याने वाट बदलायची. आणि कॅमेऱ्यात बघत एक पाऊलही टाकायचं नाही. आधी थांबा, मग बघा.

घुबडांबद्दल एक खास गोष्ट. अंधश्रद्धेपायी आजही घुबडं चोरून पकडली आणि विकली जातात. रानपिंगळ्यासारखा दुर्मीळ पक्षी दिसला, तर फोटो जाणकारांना जरूर दाखवा, वनखात्याला कळवा, पण ‘अमुक गावच्या तमुक झाडावर’ असं सगळ्यांना सांगत सुटू नका. मोबाइलच्या फोटोत जागेची नोंद आपोआप होते. असा फोटो पुढे पाठवताना ती बंद करा. नोंद खरी हवी, पण ती पक्ष्याच्या जिवावर उठता कामा नये.

माणसांचंही तसंच. या दोन्ही तालुक्यांत ठाकर, कातकरी, महादेव कोळी, वारली लोकांच्या वाड्या आहेत. रानातून मोळी घेऊन येणाऱ्या मावशींचा फोटो घ्यायचा, तर आधी “मावशी, फोटो काढू का?” असं विचारा. ‘नको’ म्हणाल्या तर हसून पुढे चला. ‘काढ’ म्हणाल्या तर पुढच्या खेपेला फोटोची प्रत हातात नेऊन द्या. त्यांना विचारलंत तर झाडांची अशी नावं कळतील, जी तुमच्या पुस्तकात नाहीत. तीही वहीत लिहून घ्या.

निघण्यापूर्वी सोबत जाणता माणूस हवाच. वनखात्याची परवानगी लागते का, याची चौकशी करा आणि कॅमेऱ्यातलं घड्याळ बरोबर लावा. तारीखच चुकली, तर नोंद कसली?

छत्तीस फोटोंचा खेळ

तुमच्या आईबाबांच्या लहानपणी कॅमेऱ्यात रोल असायचा. छत्तीस फोटो झाले की संपला. धुऊन येईपर्यंत काय आलंय हेही कळत नसे. त्यामुळे बटण दाबण्याआधी माणूस विचार करायचा. तुम्हीही पुढच्या भटकंतीत हा खेळ खेळून बघा. दिवसभरात फक्त छत्तीस फोटो. त्यातला एकही रात्री पुसायचा नाही. प्रत्येक फोटोपुढे वहीत तारीख, वेळ, जागा आणि काय दिसलं ते लिहायचं.

माहुलीला जाणं इतक्यात जमणार नसेल तरी बिघडत नाही. शाळेच्या वाटेवरचं एक झाड निवडा. पळस असो, काटेसावर असो की नुसतं शेवग्याचं असो. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, त्याच जागी उभं राहून, त्याचा एक फोटो काढा. बारा महिन्यांनी बारा फोटो ओळीने मांडा. पान कधी गळलं, फूल कधी आलं, कोण कोण पाहुणे येऊन गेले, सगळं तिथे दिसेल. आणि कोण जाणे, एखाद्या फोटोत फांदीला चिकटून बसलेला एखादा पिंगळाही सापडेल. मग काय करायचं, ठाऊक आहे ना? फोटो मोठा करा आणि आधी डोक्यावरचे ठिपके मोजा!