मिरजेचा डबा

कोल्हापूर ते मिरज सुमारे 48 किलोमीटर. पॅसेंजरला बसलं की रुकडी, हातकणंगले, जयसिंगपूर अशी स्टेशनं घेत, कृष्णेचा पूल ओलांडून गाडी मिरज जंक्शनात शिरते. एवढ्याशा प्रवासाला सहल म्हणायला जीभ रेटत नाही. तरीही दिवाळीची गडबड सरली की एका शनिवारी तिकडं जायचं, रात्री मुक्काम करायचा आणि रविवारी संध्याकाळी परतायचं, हा माझा जुना नेम आहे. मुक्काम सतारमेकरांच्या गल्लीत. खाली कारखाना, वर घर. रक्ताचं नातं नाही, जात-धर्म एक नाही, धंदा एक नाही. तरी त्या घराचा जिना चढताना मी कधी हाक मारून थांबत नाही.

हे नातं दवाखान्यानं जोडलं. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी 1894 साली मिरजेत मिशन हॉस्पिटल उभं केलं. पुढं गावात डॉक्टरांची रांग लागली आणि दक्षिण महाराष्ट्र, उत्तर कर्नाटकातल्या रोग्यांनी मिरजेची वाट धरली. 1997 च्या पावसाळ्यात माझी आईही त्याच वाटेनं आली. पोटाचं मोठं ऑपरेशन होतं. वडील नोकरीमुळं जाऊन-येऊन असायचे, म्हणून सोबतीला मी. तेव्हा कॉलेजात होतो. रात्री व्हरांड्यात सतरंजी टाकायची, सकाळी नळावर तोंड धुवायचं आणि औषधांच्या चिठ्ठ्या घेऊन पळत सुटायचं, असा दिनक्रम.

एका दुपारी आई झोपली म्हणून बाहेर पडलो आणि भटकत या गल्लीत पोचलो. एका दुकानात वयस्कर कारागीर तंबोऱ्याची जवारी काढत बसले होते. घोडीचा माथा कानशीनं केसभर घासायचा, तार छेडायची, कान द्यायचा, पुन्हा घासायचं. तारेखाली सुताचा धागा सरकवला आणि एका जागी आवाज असा खुलला, की मी पायरीवरच थबकलो. त्यांनी मान वर केली. माझ्या हातात थर्मास होता आणि काखेत एक्स-रेचं पाकीट. मिरजेत एवढी ओळख पुरते.

“कोण ॲडमिट हाय?”

“आई.”

“जेवलास?”

मी काहीतरी पुटपुटलो. त्यांनी नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. वरच्या मजल्याकडं बघून हाक दिली आणि मला म्हणाले, “वर जा. आधी आंघोळ कर, मग जेव.” चाचांची आणि माझी ओळख ही अशी झाली.

दुसऱ्या दिवसापासून आईचाही डबा सुरू झाला. आई माळकरी. हे कळल्यावर चाचींनी बाजारातून कोरं पातेलं आणि नवा डबा आणला. मुगाचं वरण, मऊ भात, पुढं डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर दुधात कुस्करलेली भाकरी. ते पातेलं त्यांनी वेगळ्या फळीवर ठेवलं होतं आणि त्याला दुसरं काही लागू देत नसत. डबा कुठून येतो हे आईला सांगताना मी जरा चाचरलो. ती म्हणाली, “माळ घातली म्हणून भूक काय वेगळी लागती? बाईला सांग, वरणात मीठ अगदी बेताचं होतं.” दोघींची भेट झाली ती घरी सोडायच्या दिवशी. त्या वॉर्डात एकमेकींचे हात धरून बसल्या होत्या, आणि बोलणं चाललं होतं ते मुगाच्या डाळीच्या भावावर.

वडिलांनी पाकिटात पैसे घालून चाचांपुढं धरले. चाचांनी हात मागं घेतला. म्हणाले, “हे घेतलं तर मी लॉजवाला झालो. मग तुम्ही पुन्हा कशाला येशीला?” वडिलांनी पाकीट खिशात घातलं आणि घरी येईपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत.

तेव्हापासून मी जात राहिलो. चाचांचा मुलगा माझ्याच वयाचा, त्याच्याशी दोस्ती जमली. या घराण्यांचे पूर्वज शिकलगार, हत्यारांना धार लावणारे. हत्यारांचा काळ सरला तशी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात फरीदसाहेबांच्या हातून इथं सतार घडली आणि कारागिरी रुजली. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येणारे भोपळे, तुणीचं लाकूड आणि घासून घासून तयार झालेला कान, यांवर ही गल्ली चालते. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा मी पेढे घेऊन गेलो. दोस्त म्हणाला, “कागद मिळाला, आता पोरं शिकायला बसली पाहिजेत.” त्याची काळजी खरी आहे. भोपळा कापण्यापासून जवारीपर्यंत हात बसायला वर्षं जातात, आणि तेवढी वर्षं थांबायला आता कुणी तयार नसतं.

चाचा आता काम करत नाहीत. नजर गेली, पण खालून तार वाजली की वरून “अजून बोलंना” असा निकाल येतो. त्यांची आवडती गोष्ट पलुसकरांची. कुरुंदवाडचा मुलगा फटाक्यानं डोळे भाजल्यावर उपचारासाठी मिरजेत आला. दृष्टी म्हणावी तशी परत आली नाही, तेव्हा डॉक्टर भडभड्यांनीच त्याला गाण्याची वाट सुचवली आणि तो बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडं शिकायला लागला. त्याच विष्णू दिगंबरांनी 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. “आमच्या गावात पेशंट म्हणून आलेला माणूस गवई होऊन गेला,” असं म्हणताना चाचांचा आवाज चढतो.

यंदा गेलो तर जेवण व्हायच्या आतच चाचींनी डबा पुढं केला. “हा दवाखान्यात पोचव. अथणीकडचा माणूस हाय, बायको ॲडमिट हाय.” एवढ्या वर्षांत तो डबा थांबला नव्हता, फक्त पोचवणारे बदलत गेले. मी दोस्ताला म्हटलं, किती करशीला? तो हसला. “2016 ला मिरजेनं रेल्वेनं लातूरला पाणी पाजलं. एका डब्याचं काय घेऊन बसलास?”

वॉर्डात तो माणूस खाटेशेजारी स्टुलावर बसला होता. त्याला मराठी बेताचं, मला कन्नड येत नाही. डबा दिला, त्याच्या बायकोकडं बोट दाखवलं आणि मी स्टुलावर बसलो. त्याला समजलं. टॉवेल घेऊन गेला, आंघोळ करून आला आणि व्हरांड्यात पोटभर जेवला. मी तोवर सलाइनच्या बाटलीवर नजर ठेवून होतो. आईच्या खाटेशेजारचे सारे दिवस त्या तासात माझ्यासमोरून गेले.

परतताना मीरासाहेबांच्या दर्ग्यात गेलो. अब्दुल करीम खाँसाहेब तिथंच विसावले आहेत. चाचांनी सांगितलं होतं म्हणून त्यांच्या नावानं फुलं वाहिली.

चाचांच्या घरचं देणं मी फेडू शकत नाही आणि त्यांना ते फेडून घ्यायचंही नाही. त्यांनी मला फक्त रांगेत उभं केलं. रोग्याला डॉक्टर असतो, नर्स असते; सोबत्याला कुणी नसतं. तुमच्या गावात मोठा दवाखाना असेल, तर तिथं थर्मास आणि एक्स-रेचं पाकीट घेतलेलं कुणीतरी रोज भटकत असणार. त्याला आंघोळीला गरम पाणी द्या, एक वेळचं जेवण द्या, त्याच्या माणसापाशी तासभर बसा. त्यानं पैसे पुढं केले तर घेऊ नका.