टबाची लाइन

बंगल्याचं काम संपत आलं की मला टबाविषयी कळतं. डेकचं लाकूड बसलेलं असतं, आजूबाजूची फरशी घासून झालेली असते, क्रेन लावून टब जागेवर ठेवलेला असतो आणि मग फोन येतो, "साहेब, जकुझीसाठी एक पॉइंट काढून द्या." लोणावळा, कर्जत, अलिबाग या पट्ट्यात मी वायरिंगची कामं घेतो. शनिवार-रविवारच्या या घरांत आता गरम पाण्याचा टब हवाच असतो. मी आधी नेमप्लेटवर काय लिहिलंय ते विचारतो. मालकांना आतल्या दिव्यांचे रंग तोंडपाठ असतात, टबात किती जण मावतात तेही. नेमप्लेट मात्र कुणी पाहिलेली नसते.

लोडचा हिशेब शाळेतल्या मुलालाही जमेल असा आहे. पाच-सहा जणांच्या टबात हजार-बाराशे लिटर पाणी बसतं. थंडीत टाकीतलं पाणी २० अंशांवर धरलं आणि ते ३८ पर्यंत न्यायचं ठरवलं, तर १२०० लिटरला साधारण २५ युनिट लागतात. हीटर ३ किलोवॉटचा असेल तर आठ तासांहून जास्त. पाहुणे संध्याकाळी येणार म्हणून दुपारी बटण दाबलं, तर ते कोमट पाण्यात बसतील. यावर "मोठा हीटर टाका" असं लगेच सुचवलं जातं. मी म्हणतो, चांगलं जाड झाकण घ्या आणि आदल्या रात्री चालू करा. हीटरचे १३ अँपियर, त्यावर जेटचे पंप, ब्लोअर असं मिळून ३२ अँपियरची स्वतंत्र लाइन मीटरजवळच्या डीबीपासून (डिस्ट्रिब्यूशन बोर्डापासून) थेट टबापर्यंत न्यावी लागते. घरात चार एसी आणि तीन गीझर आधीच असतील तर महावितरणकडून मंजूर भार वाढवून घ्यायचा. त्या अर्जाला दिवस लागतात, तेव्हा तो टबाच्या ऑर्डरबरोबरच गेलेला बरा.

केबलवर पैसे वाचवायची हौस सगळ्यांना असते. टब दरीच्या कडेला आणि मीटर फाटकाशी, मधे चाळीस मीटर. ३२ अँपियरला ६ स्क्वेअरची (चौरस मिलिमीटरची) तांब्याची केबल कागदावर चालते, पण एवढ्या अंतरात नऊ व्होल्ट वाटेतच जातात. त्यात आमच्याकडच्या फीडरच्या शेपटाला सुट्टीच्या संध्याकाळी २०० व्होल्ट मिळाले तरी नशीब. हीटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाने घटते. २३० ऐवजी २०० आले की ३ किलोवॉटचा हीटर सव्वादोनवर येतो आणि आठ तासांचे जवळपास अकरा होतात. मी १० स्क्वेअरची आर्मर्ड केबल टाकतो, भाव ऐकून मालक गप्प झाले तरी.

हे सगळं टब नीट चालावा म्हणून. माझं डोकं खरं लागतं ते टब बिघडेल त्या दिवसासाठी. त्या दिवशी टबात माणसं असणार, ओल्या अंगाची, अनवाणी, एक हात स्टीलच्या रेलिंगवर. तेव्हा वीज कुठल्या वाटेने जाईल हे आज ठरवायचं असतं.

सह्याद्रीत अर्थिंगचा खड्डा खणायला घ्या, थोड्याच खोलीवर काळा कातळ लागतो. मीठ-कोळसा भरला, पाणी ओतलं, की पावसाळ्यात रीडिंग छान येतं. तेच मे महिन्यात मोजा. समजा पाच ओहम भरले. हीटरचा एलिमेंट फुटून फेज अर्थला भिडला तर २३० भागिले पाच, म्हणजे ४६ अँपियर वाहतील. लाइनवरचा ३२ अँपियरचा ब्रेकर, म्हणजे एमसीबी, एवढ्याने झटकन पडत नाही. तो तापत बसतो, मिनिटं जातात. तेवढा वेळ अर्थला जोडलेला प्रत्येक धातू जिवंत राहतो. माणसाचा हात पंधरा मिलिअँपियरच्या आसपासच सुटेनासा होतो आणि त्याच्या दुपटी-तिपटीत हृदयाची लय बिघडू शकते. म्हणून ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी. फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट तो सतत ताडून पाहतो, तफावत पडली की सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शाच्या आत लाइन तोडतो. अर्थिंग अगदीच सुमार असलं तरी तो आपलं काम करतो. त्याच्या जोडीला रेलिंग, डेकखालची लोखंडी फ्रेम, शिडी, पंपाची बॉडी हे सगळं तांब्याच्या तारेने एकमेकांशी बांधून घ्यायचं. झटका बसतो तो दोन जागांच्या व्होल्टेजमधल्या फरकाने. हात आणि पाय एकाच पातळीवर असतील तर करंट अंगातून जायला कारणच उरत नाही. फरशी बसल्यावर हे बांधून घेता येत नाही, माझी चिडचिड होते ती यामुळे.

आयसोलेटर टबातून दिसेल असा, पण पाण्यात बसून हात पोचणार नाही असा, कडेपासून निदान दोन मीटरवर. इंटिरियरवाल्यांना टबाशेजारी मोबाइल चार्जिंगचा सॉकेट हवा असतो. मी तो देत नाही. त्यावरून एक-दोन कामं गेली, जाऊ देत.

अमेरिकेतून कंटेनरमधून आणलेला टब ही वेगळीच डोकेदुखी. तिथे घरात दोन फेज आणि मधे न्यूट्रल येतो. दोन फेजमध्ये २४०, फेज-न्यूट्रलमध्ये १२०. काही टबांतली ओझोन यंत्रासारखी छोटी उपकरणं त्या १२० वर चालतात. आपल्या २३० मध्ये तो मधला न्यूट्रलच नाही. ट्रान्सफॉर्मर लावून ते निभावेल, पण तिथले ६० हर्ट्‌झ इथे ५० होतात, त्याला ट्रान्सफॉर्मर काय करणार? पंप एक षष्ठांश हळू फिरतो, जेट मलूल पडतात, मोटर जास्त तापते. टब ५० हर्ट्‌झसाठीही बनवलाय का हे आणण्याआधी विचारायचं.

जनरेटरवर टब चालवणाऱ्यांनी हे ऐका. छोट्या जनरेटरचा न्यूट्रल बऱ्याचदा अर्थला जोडलेला नसतो. मग फेज बॉडीला लागला तरी करंटला परतीची वाट नसते आणि आरसीसीबीला काही कळतच नाही.

पावसाळ्यात घर बंद राहतं, हीटरच्या एलिमेंटमधली पूड ओल धरते आणि दिवाळीला बटण दाबलं की आरसीसीबी पडतो. केअरटेकर गावातल्या कुणाला तरी बोलावतो, तो आरसीसीबी बायपास करून देतो, टब चालू होतो आणि मालक खूश. असा जोडलेला डीबी मला दिसला की मी आधी मेन बंद करतो, मग बोलतो. एलिमेंट मेगरने, म्हणजे इन्सुलेशन मोजणाऱ्या मीटरने, तपासायचा, वाळवायचा, नाही सुधारला तर बदलायचा. पाहुणे नाराज झाले तरी चालतील.

टब घ्यायचा विचार असेल तर पैसे भरण्याआधी नेमप्लेटचा फोटो आपल्या लायसन्सवाल्या वायरमनला पाठवा आणि डेकची फ्रेम उघडी असतानाच त्याला साइटवर बोलवा. टब आधीच असेल तर आज आरसीसीबीवरचं टेस्ट बटण दाबून बघा. खटका पडला नाही, तर आरसीसीबी बदलेपर्यंत कुणालाही पाण्यात उतरू देऊ नका.